घरातली शुश्रूषा आणि बाहेरचा तपासनीस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कारखान्याची तपासणी होते, शाळेची होते, रेशन दुकानाचीही होते. कारखाना-निरीक्षक येतो तेव्हा यंत्र जागेवर असते आणि त्याभोवतीचा कठडा आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. रेशन दुकानात पोत्यांची मोजदाद करता येते. परंतु जिचे उत्पादन आणि उपभोग एकाच क्षणी, एकाच बंद दाराआड होतात आणि जिचा कोणताही साठा मागे उरत नाही, अशा सेवेची तपासणी कशी करावयाची? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस बदलून देणे, त्याला न्हाऊ घालणे, वेळेवर गोळ्या देणे, दोन घास भरविणे ही कामे घरच्या सुनेने वा मुलीने केली तोवर अर्थशास्त्राने त्यांची दखलच घेतली नाही. पगारी माणूस ही कामे करू लागला तेव्हा मात्र दर्जा, व्यवस्थापन आणि देखरेख हे प्रश्न उभे राहिले. इंग्लंडने हे प्रश्न गेली दोन दशके कायद्याने सोडवू पाहिले आहेत. त्या प्रयत्नाचे फलित तपासून पाहणे आपल्या दृष्टीने अगत्याचे आहे, कारण तसाच एक कायदा भारतात येता येता राहिला आणि तो पुन्हा केव्हाही येऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने जी कल्याणकारी व्यवस्था उभारली तिच्यात रुग्णालयांना मानाचे स्थान मिळाले. घरी जाऊन मदत करणारी ‘होम हेल्प’ ही सेवा मात्र स्थानिक कौन्सिलांच्या पदरी राहिली. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने जुन्या ‘पुअर लॉ’चा शेवट केला हे खरे, परंतु आरोग्यसेवा सर्वांना विनामूल्य आणि वार्धक्यातील शुश्रूषा मात्र ऐपत पाहून, ही जी फारकत त्या वेळी झाली ती आजतागायत मिटलेली नाही. होम हेल्प म्हणजे कौन्सिलच्या पगारावरील बाई. ती घर झाडी, बाजारहाट करी, चूल पेटवून देई. तिला निवृत्तिवेतन होते, संघटना होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आपल्या मंडळींत पद्धत आहे. ते गाताना एवढे ध्यानात ठेवावे की ही सेवा प्रायः दिवसाउजेडी आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशीच मिळे. रविवारी रात्री म्हातारीला खाटेवरून उतरवावयास कोणी नसे आणि त्याबद्दल जाब विचारणारा स्वतंत्र तपासनीसही नव्हता.

या उणिवेचे भांडवल हुजूर पक्षाने केले. १९८८ साली सर रॉय ग्रिफिथ्स यांनी श्रीमती थॅचर यांच्या सरकारला अहवाल सादर केला. हे गृहस्थ सेन्सबरी या किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीचे एक प्रमुख व्यवस्थापक होते. कौन्सिलने सेवा स्वतः देत बसू नये, गरज ठरवावी आणि ज्याच्याकडून परवडेल त्याच्याकडून ती विकत घ्यावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. १९९० च्या कायद्याने ते धोरण झाले आणि १९९३ च्या एप्रिलपासून अमलात आले. केंद्राकडून कौन्सिलांकडे वळविलेल्या रकमेपैकी ८५ टक्के खाजगी वा स्वयंसेवी संस्थांवरच खर्च केली पाहिजे, अशी अटही घालण्यात आली! बाजारपेठेची निवड येथे ग्राहकाने केली नाही. सरकारी तिजोरीने ती लादली. कौन्सिलच्या खर्चाने होणाऱ्या गृहशुश्रूषेच्या तासांत १९९२ साली बाहेरच्या संस्थांचा वाटा सुमारे दोन टक्के होता. वीस वर्षांत तो ऐंशी टक्क्यांच्या पलीकडे गेला.

बाजार आधी उभा राहिला, तपासनीस मागाहून आला. १९९३ पासून जवळजवळ दहा वर्षे, कोणाही व्यक्तीने एक टेलिफोन आणि एक खोली घेऊन ‘एजन्सी’ उघडावी आणि अनोळखी बायकांना अनोळखी वृद्धांच्या शयनगृहात धाडावे, अशी मुभा होती. श्री. ब्लेअर यांच्या कारकिर्दीतील २००० च्या केअर स्टँडर्ड्स ॲक्टने गृहशुश्रूषा देणाऱ्या संस्थांना प्रथमच नोंदणी सक्तीची केली. तपासणीचे काम एका मंडळाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे फिरत २००९ साली ‘केअर क्वालिटी कमिशन’कडे आले. रुग्णालये, दवाखाने, वृद्धाश्रम आणि गृहशुश्रूषा हे सारे या एकाच आयोगाच्या छत्राखाली आहे. त्याच्या खर्चाचा मोठा भाग तपासल्या जाणाऱ्या संस्थांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो.

या तपासणीची रीत बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक संस्थेला एक नोंदणीकृत व्यवस्थापक असावा लागतो. तो व्यक्तिशः उत्तरदायी असतो. आयोगाचे प्रश्न पाच: सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, ती देणारे आस्थेने वागतात काय, व्यक्तीच्या गरजेनुसार ती बदलते काय, आणि संस्थेचे नेतृत्व नीट आहे काय. उत्तरांवरून ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘अपुरी’ अशा चार श्रेणी लावल्या जातात. वृद्धाश्रमात तपासनीस न कळविता थडकू शकतो. गृहशुश्रूषेच्या बाबतीत प्रायः ४८ तास आधी वर्दी देण्याचा प्रघात पडला, कारण व्यवस्थापक स्वतःच एखाद्या आजारी सेविकेच्या जागी कामावर गेलेला असावयाचा आणि कचेरीला कुलूप! मग तपासनीस कचेरीत बसतो. सेविकांच्या नेमणुकीची कागदपत्रे, पूर्वचारित्र्याचे दाखले, प्रशिक्षणाच्या नोंदी, प्रत्येक वृद्धाची सेवा-योजना, औषधे दिल्याचे तक्ते, तक्रारवही हे सारे चाळतो. काही कुटुंबांना दूरध्वनी करतो, परवानगी मिळाली तर दोन-चार घरी जातो, सेविकांशी बोलतो.

यात काहीच अर्थ नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. औषधांच्या तक्त्यात रिकामी राहिलेली चौकट ही क्षुल्लक बाब नव्हे. रक्त पातळ ठेवणारी गोळी दोनदा गेली तर जीव जाऊ शकतो. मागील नोकरीचा दाखला न पाहता नेमलेल्या माणसाच्या हाती घराची किल्ली असते. ज्या संस्था आपल्या चुकांची नोंद ठेवीत नाहीत त्या चुका पुन्हा करतात, हा अनुभव आहे आणि व्यवस्थापनाविषयीच्या पाचव्या प्रश्नाचा रोख तोच आहे.

आयोगाच्या श्रेणींकडे पाहिले की एक गोष्ट नजरेत भरते. ‘आस्था’ या प्रश्नावर बहुसंख्य संस्थांना चांगले गुण मिळतात. ‘सुरक्षितता’ आणि ‘नेतृत्व’ या दोहोंवर त्या अधिक घसरतात. वृद्धांना विचारले तर ते येणाऱ्या बाईविषयी चांगलेच बोलतात. तिचे नाव सांगतात, तिच्या मुलांची चौकशी करतात. तक्रार असते ती ‘कचेरी’विषयी: ठरलेल्या वेळी कोणी येत नाही, रोज नवा चेहरा येतो, आणि आलेली बाई घड्याळाकडे पाहत असते. ती का पाहत असते याचा शोध घेतला तर हातात सेवा-योजना पडत नाही. कौन्सिल आणि एजन्सी यांच्यातील करारपत्र पडते.

कौन्सिल हा या बाजारातील जवळजवळ एकमेव मोठा ग्राहक होय. एकच ग्राहक आणि अनेक विक्रेते असले म्हणजे भाव ग्राहक ठरवितो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात केंद्राने कौन्सिलांचे अनुदान आखडले, कौन्सिलांनी एजन्सीचा दर आखडला आणि भेटीची मिनिटे तोडली. पंधरा मिनिटांची भेट ही त्याची सर्वांत कुप्रसिद्ध निष्पत्ती. पंधरा मिनिटांत दार उघडावयाचे, म्हाताऱ्याला उठवून न्हाणीघरात न्यावयाचे, कपडे बदलावयाचे, गोळ्या द्यावयाच्या, चहा-पाव पुढे ठेवावयाचा, आणि नोंदवहीत हे सारे घडल्याचे लिहावयाचे. संधिवाताने आखडलेल्या माणसाला नुसते सदऱ्याच्या बाहीत हात घालावयास किती वेळ लागतो हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगावयास नको. तेथील समता व मानवी हक्क आयोगाने २०११ साली गृहशुश्रूषेची चौकशी केली, तीत अन्नपाण्याकडे दुर्लक्ष झाल्याची आणि मळलेल्या कपड्यांत राहावे लागल्याची उदाहरणे पुढे आली. २०१५ मध्ये ‘नाइस’ या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने, काही ठरावीक अपवाद वगळता भेट अर्ध्या तासाहून कमी नसावी, असे सुचविले. परंतु मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे.

आता सेविकेची बाजू. समजा, २०२४ साली एका सेविकेला तासाला बारा पौंड मिळत होते. तिने दिवसात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दहा भेटी केल्या; पाच तासांचे साठ पौंड झाले. परंतु एका घराहून दुसऱ्या घरी जाण्यास सरासरी पंधरा मिनिटे धरली तर नऊ वेळचे सव्वादोन तास होतात आणि पुष्कळ संस्था या वेळेचे काहीच देत नाहीत. म्हणजे सव्वासात तासांचे साठ पौंड. तासाला सव्वाआठ पौंडांच्या आसपास. कागदावर किमान वेतनाचा कायदा पाळला गेला आणि प्रत्यक्षात मोडला गेला. शिवाय तासांची हमी नसलेला, ज्याला तेथे शून्य-तासांचा करार म्हणतात तो करार असल्याने, तक्रार करणाऱ्या बाईला काढून टाकावे लागत नाही. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात तिचे नाव घालावयाचे राहून जाते. लंडनमधील हॅरिंगे कौन्सिलचे काम करणाऱ्या काही सेविकांनी ‘युनिसन’ या कामगार संघटनेच्या साहाय्याने वर्षानुवर्षे दावा लढविला, तेव्हा २०२० साली रोजगार न्यायाधिकरणाने प्रवासाचा आणि दोन भेटींमधील प्रतीक्षेचा वेळ कामाचाच वेळ होय असा निर्णय दिला. हा निर्णय कोणत्याही तपासणी अहवालातून निघाला नाही हे लक्षात घ्यावे. वेतनाची तपासणी महसूल खात्याकडे आणि सेवेची आयोगाकडे, अशी तेथील विभागणी तेव्हा होती. आयोगाचा तपासनीस बाईच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पाहतो; तिच्या वेतनचिठ्ठीवरील तास आणि भेटींचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहणे हे त्याचे काम मानलेले नाही. वास्तविक या दोन कागदांत जी तफावत निघते तिच्यातच वृद्धाच्या न्हाणाची राहिलेली मिनिटे असतात.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. २०१० पर्यंत कौन्सिलांच्या कारभाराचेही वार्षिक मूल्यमापन होत असे. ते कसे खरेदी करतात, काय दर देतात याचा जाब निदान कागदोपत्री होता. हुजूर-उदारमतवादी संयुक्त सरकार सत्तेवर आले आणि ते मूल्यमापन बंद झाले. २०२२ च्या कायद्याने ते पुन्हा आणले, प्रत्यक्षात २०२३ पासून. ज्या तेरा वर्षांत अनुदाने सर्वाधिक कापली गेली नेमक्या त्याच तेरा वर्षांत विकणाऱ्याची तपासणी चालू राहिली आणि विकत घेणारा तपासणीबाहेर राहिला. व्यवस्थापन वाईट म्हणून शेकडो एजन्सींवर ठपके आले. त्या व्यवस्थापनाला दिलेला दर वाईट होता काय, हे विचारणारे कोणी नव्हते.

भांडवलाची तऱ्हा तर विचारूच नये. अलाइड हेल्थकेअर ही इंग्लंडमधील गृहशुश्रूषेची एक मोठी कंपनी. २०१५ साली ती ऑरेलियस या जर्मन गुंतवणूक कंपनीने घेतली. २०१८ च्या नोव्हेंबरात आयोगाने ८४ कौन्सिलांना लेखी इशारा दिला की या कंपनीची सेवा खंडित होण्याचा संभव आहे. कंपनीने इशाऱ्याचा इन्कार केला. महिनाअखेरीस ती दुसऱ्याला विकली गेली. हजारो वृद्धांना आणि सेविकांना त्या महिन्यात आपले पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. २०१४ च्या केअर ॲक्टने आयोगाला मोठ्या कंपन्यांच्या आर्थिक स्थितीवर नजर ठेवण्याचा अधिकार दिला होता, आणि त्याने नजर ठेवलीही. पण बुडणारे जहाज थांबविण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता.

दर परवडत नाही, म्हणून स्थानिक माणूस या कामाला येईना. तेव्हा २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी सेविकांना व्हिसा खुला करण्यात आला आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून माणसे गेली. केरळातील कित्येक तरुण-तरुणींनी दलालांना लाखो रुपये मोजले. तेथे उतरल्यावर काहींना पुरेसे काम मिळाले नाही, आणि व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला असल्याने तोंड उघडण्याची सोय राहिली नाही. नोंदणीकृत संस्थेलाच अशी भरती करता येईल हा नियम यावयास २०२४ चा मार्च उजाडला. २०२५ च्या जुलैत परदेशातून नवी भरतीच बंद झाली. दरम्यान तपासणी-यंत्रणेचीच तपासणी करण्याची वेळ आली होती. डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली सोळा हजारांहून अधिक तपासण्या झाल्या होत्या, त्या २०२३ साली सात हजारांवर आल्या, आणि पाचांतील एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. मजूर पक्षाच्या नव्या आरोग्यमंत्र्यांनी हा आयोग आपल्या कामास लायक राहिलेला नाही, असे उघड सांगितले.

विलायतेची ही कहाणी एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण पुणे-मुंबईच्या पेठांत आणि उपनगरांत आहे. तेथे आज ‘ब्यूरो’ आहेत. बारा तासांची मावशी, चोवीस तासांची मावशी, ‘सिस्टर’ (ही पदवी बहुधा काही आठवड्यांच्या शिकवणीनंतर मिळते), असे दर ठरलेले असतात. कुटुंब ब्यूरोला पैसे देते आणि ब्यूरो आपला वाटा कापून उरलेले बाईला देतो. तो वाटा किती, हे कुटुंबाला ठाऊक नसते आणि बाईने सांगावयाचे नसते. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेली विधवा किंवा टाकलेली बाई परक्या घरात म्हाताऱ्याच्या खाटेखाली सतरंजी टाकून महिनोन् महिने झोपते. तिला रजा हवी असेल तर बदली बाई तिनेच शोधावी, असा पुष्कळ ठिकाणी शिरस्ता आहे. कॅलिफोर्नियात राहणारा मुलगा आईच्या खोलीत कॅमेरा बसवितो आणि तेथून पाहत राहतो. तपासणीचा हा आपला स्वदेशी अवतार! कॅमेऱ्यात बाईने दूध वेळेवर दिले की नाही ते दिसते. ती काल रात्री किती वेळा उठली, ते पाहण्यासाठी तो कोणी लावलेला नसतो. या घरांपैकी काही घरे आपल्या चळवळीच्या सहानुभूतिदारांची आहेत, हेही आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे.

कायद्याची स्थिती अशी की १९४९ चा महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी कायदा रुग्णालयांच्या खाटांपुरता आहे. घरातल्या खाटेपर्यंत तो पोहोचत नाही. २००८ चे घरेलू कामगार कल्याण मंडळ कागदावर व्यापक, पण वेतन आणि तास यांवर त्याची पकड नाही. २०१९ च्या डिसेंबरात केंद्राने ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले. त्यात घरी शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद होती. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभेबरोबर विधेयकही विसर्जित झाले. उद्या ते नव्या रूपात आले तर मोठ्या कंपन्या त्याचे स्वागतच करतील. प्रमाणपत्रे, प्रशिक्षणाच्या फायली आणि चकचकीत सेवा-योजना तयार करणे त्यांना सहज शक्य आहे. चार गल्ल्यांत काम करणारा छोटा ब्यूरो आणि बायकांचा एखादा सहकारी गट तेवढा या कागदांच्या ओझ्याखाली दबेल. सेविकेच्या तासांची आणि वेतनाची चौकट त्यात नसेल तर वृद्धालाही त्यातून फारसे काही मिळणार नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत परदेशी नमुन्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६९ चा माथाडी कायदा आणि त्याच धर्तीवरील १९८१ चा खाजगी सुरक्षारक्षक कायदा हे याच भूमीत, कामगारांच्या लढ्यातून झाले. सुरक्षारक्षकाची स्थिती सेविकेशी बरीच जुळते. मालक एक, कामाची जागा दुसऱ्याची, मध्ये एजन्सी. त्रिपक्षीय मंडळाकडे कामगार आणि काम देणारा या दोघांचीही नोंद होते; वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळात जमा होते; मंडळ वेतन वाटते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार भागवते. या पद्धतीत तास आणि वेतन यांची नोंद ही तपासणीच्या वेळी शोधावयाची वस्तू राहत नाही. ती रोजच्या व्यवहारातच तयार होते. तपासनीसाने मग सेवेकडे पाहावे: जखम झाली आहे काय, गोळ्या बरोबर आहेत काय, म्हाताऱ्याला विचारून न्हाऊ घालतात काय.

माथाडी मंडळांत काय काय शिरले आहे ते सर्वांना ठाऊक आहे: बनावट टोळ्या, खंडणी, वर्षानुवर्षे न झालेल्या नेमणुका. सुरक्षारक्षकांच्या कायद्यात एजन्सींना सूट देण्याचे कलम होते आणि त्या वाटेने पुष्कळ रक्षक मंडळाबाहेर राहिले. सेविकांच्या कायद्यात असे कलम असता कामा नये. पण खरी अडचण आणखी पुढची आहे. बाजारपेठेतील अडत्या लेव्ही देऊ शकतो; निवृत्त शिक्षकाचे कुटुंब चोवीस तासांच्या दोन पाळ्यांचे रास्त वेतन आणि वर लेव्ही देऊ शकेल काय? बहुधा नाही. तेथे सरकारच्या तिजोरीतून भर पडली पाहिजे आणि ती पडली की इंग्लंडमधील कौन्सिलप्रमाणे सरकार हा मोठा ग्राहक होईल. म्हणून त्याने दिलेल्या दराची वार्षिक तपासणी आणि तिचे विधिमंडळापुढे येणे ही तरतूद पहिल्याच मसुद्यात हवी, मागाहून घालू म्हणून भागणार नाही. कुटुंबाने किती, शासनाने किती, उत्पन्नाची रेषा कोठे ओढावी, यावर आपल्यात मतभेद होतील. ते व्हावेत.

मसुद्यापूर्वी माहिती हवी, आणि ती मंत्रालयात मिळणार नाही. ब्यूरो किती कापतो, बदलीची बाई कोण देतो, रात्री किती तास झोप मिळते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शाखेने आपल्या भागातील निदान वीस बायकांकडून, नावे न लिहिता, मिळवावीत. बारा तासांची पाळी सकाळी आठच्या आणि रात्री आठच्या सुमारास बदलते. त्या वेळी बसथांब्यावर या बायका भेटतात. घरी मात्र त्या मोकळेपणाने बोलत नाहीत.